फी माफ झाली, मेसचं काय?

गरीब घरातल्या मुलांच्या इंजिनिअरिंगचा विषय महाराष्ट्रात निघाला की चर्चा एका ठरलेल्या जागी येऊन थांबते. आता फी माफ आहे, सवलती आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. ज्याला शिकायचं आहे त्याला कोण अडवतंय? पुढाऱ्यांच्या भाषणात हे असतं, संस्थाचालकांच्या बोलण्यात असतं, आणि ज्या घरांतली मुलं आईवडिलांच्या पैशावर शिकून नोकरीला लागली त्या घरांत तर हमखास असतं. या म्हणण्याचा उरलेला भाग सहसा उघड बोलला जात नाही, पण तो गृहीत धरलेला असतो: इतकं मिळूनही जो मुलगा दुसऱ्या वर्षाला गळतो तो आपल्याच आळसानं किंवा कुवतीअभावी गळतो. मला हे म्हणणं मुळापासून चुकीचं वाटतं. फी ही पदवीच्या खर्चातली एक बाब आहे, आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या गरीब विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेत पाडणारी बाब बहुतेक वेळा ती नसतेच. तो पडतो खोलीच्या भाड्यावर, मेसच्या थकबाकीवर आणि ही दोन्ही भागवण्यासाठी कामावर घालवलेल्या तासांवर.

जे खरं आहे ते आधी मान्य करतो. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं, आणि तेव्हापासून शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून पालकांच्या खिशाकडे सरकत गेला. आज खासगी महाविद्यालयाची वर्षाची फी लाखाच्या घरात किंवा त्याहून वर असते. ती शेतमजुराच्या किंवा हमालाच्या मुलावर तशीच लादली असती तर तो प्रवेशाच्या खिडकीपर्यंतही आला नसता. तसं झालं नाही याचं श्रेय योजनांना आहे. अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यावरच्या उत्पन्नाला फ्रीशिप म्हणजे फीमाफी आहे. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्न गटाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. प्रत्येक अभ्यासक्रमात पाच टक्के अधिसंख्य जागा शिक्षण फी माफ असलेल्या म्हणून भरल्या जातात. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय मुलींची, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, संपूर्ण शिक्षण फी सरकारने उचलली. हा निर्णय चांगला होता आणि तो टिकायला हवा. माझा वाद या योजनांशी नाही. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘झालं की सगळं’ म्हणणाऱ्यांशी आहे.

या योजनांचा पैसा शेवटी कुठे पोचतो ते पाहावं. तो महाविद्यालयाच्या फीच्या काउंटरवर पोचतो. तो विद्यार्थ्याच्या नावाने निघतो, आता त्याच्या बँक खात्यातूनही जातो, पण मुक्कामाला संस्थेच्याच तिजोरीत येतो. म्हणूनच फीच्या परताव्याला उशीर झाला की संस्थाचालकांच्या संघटना निवेदनं देतात, मंत्रालयात बैठका होतात, वर्तमानपत्रांत थकीत रकमेचे आकडे येतात. मेसवाल्याकडे तीन महिन्यांचे पैसे थकलेल्या मुलासाठी अशी कुठलीही संघटना मंत्रालयात जात नाही. ज्या खर्चाला बोलणारा आहे तो खर्च धोरणात शिरला, आणि ज्याला नाही तो विद्यार्थ्याच्या गळ्यात राहिला.

फी माफ असूनही दार कसं बंद होतं याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रोजंदारीवर काम करणाऱ्या एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना आयआयटीत शिक्षण फी नाही. २०१६ साली आयआयटीची फी वर्षाला नव्वद हजारांवरून दोन लाख केली गेली तेव्हाच ही माफी कायम ठेवली गेली होती. तरीही जागा पक्की करायला १७,५०० रुपये ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. ओळखीपाळखीच्यांकडून गोळा करून पैसे जमले, पण ते भरण्याआधी मुदत संपली आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालचा आपला विशेष अधिकार वापरून ती त्याला परत दिली. त्याआधी २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबई आयआयटीच्या एका दलित विद्यार्थ्याची जागाही न्यायालयालाच वाचवावी लागली होती, कारण तांत्रिक अडचणीमुळे त्याची रक्कम वेळेत भरली गेली नव्हती. या दोन्ही मुलांनी देशातली सगळ्यात अवघड प्रवेश परीक्षा पार केली होती. त्यांना अडवलं ते वर्षाच्या फीने नाही. एका ठराविक दिवशी वेळेत भरता न आलेल्या काही हजार रुपयांनी अडवलं. गरिबीत रक्कम किती आणि ती कधी, हे दोन्ही प्रश्न सारखेच महत्त्वाचे असतात. आपल्या योजना पहिल्याचं अर्धं उत्तर देतात, दुसऱ्याचा विचारच करत नाहीत.

यावर लगेच सांगितलं जातं की राहण्या-जेवणासाठीही योजना आहेत. आहेत. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. स्वाधारचीच रक्कम पाहू, कारण या प्रकारातली ती सगळ्यात विचारपूर्वक आखलेली योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला साठ हजार रुपये: जेवणासाठी बत्तीस हजार, निवासासाठी वीस हजार, निर्वाहासाठी आठ हजार. जेवणाच्या रकमेला वर्षाच्या दिवसांनी भागलं तर रोजचे ८८ रुपयेही होत नाहीत. निवासाचे महिन्याला साधारण १,६७० होतात. पुण्यात एका खोलीत चौघांनी राहून घेतलेली कॉटही तेवढ्यात मिळणं कठीण. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना यावर वर्षाला पाच हजार जादा मिळतात. चार वर्षांचे हे जादा पैसे एकत्र केले तर वीस हजार होतात, आणि कॉम्प्युटर शाखेच्या मुलाला जो लॅपटॉप पहिल्याच सत्रात लागतो तो त्यात येत नाही. पण रकमेपेक्षाही मोठं दुखणं वेळेचं आहे. अर्ज भरायचा, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायचा, महाविद्यालयाने तो पुढे पाठवायचा, जिल्हा कार्यालयाने त्रुटी काढायची, ती दुरुस्त करून पुन्हा पाठवायची, आणि मग निधी आला की हप्ता. हा हप्ता कित्येकदा वर्ष संपत आल्यावर पडतो. घरमालक आणि मेसवाला मात्र पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागतात.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो, कारण तो आपल्या इथल्या एका थोर परंपरेच्या नावाने घेतला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना कमवायला आणि शिकायला लावलं, मग आजच्या मुलांनी काम करून शिकलं तर बिघडलं कुठे? बिघडलं ते परंपरेचा अर्थ लावण्यात. १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि पुढे साताऱ्यात जी वसतिगृहं चालली त्यांत मुलांनी शेतात घाम गाळला, दगड फोडले, इमारती उभारल्या हे खरं. पण ते काम संस्थेच्या आवारात होतं, अभ्यासाच्या वेळा सांभाळून होतं, आणि त्याच छपराखाली जेवण आणि झोपण्याची जागा मिळत होती. कमाई शिकण्याच्या व्यवस्थेत बांधलेली होती. आज ‘कमव आणि शिक’ असं सांगून आपण मुलाला बाहेर सोडतो: रात्री बारापर्यंत पार्सलं पोचवायला, पेट्रोल पंपावर, एखाद्या कॉल सेंटरच्या पाळीवर. त्या मालकाला मुलाच्या सत्र परीक्षेशी काही देणंघेणं नसतं. भाऊरावांचं नाव घेऊन ही व्यवस्था समर्थनीय ठरवणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

विज्ञान आणि अभियांत्रिकीचा प्रश्न इथे इतर शाखांहून वेगळा होतो, आणि हा वेगळेपणा धोरणात कुठेच दिसत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.ची पदवी १६० श्रेयांकांची आहे, म्हणजे सत्राला सरासरी वीस. व्याख्यानाच्या आठवड्यातल्या एका तासाला एक श्रेयांक मिळतो, प्रॅक्टिकलच्या दोन तासांना मिळून एक. त्यामुळे हा विद्यार्थी कागदावरच्या श्रेयांकांपेक्षा कितीतरी जास्त तास वर्गात आणि प्रयोगशाळेत बांधलेला असतो. वर्कशॉप, ड्रॉइंगच्या शीट, जर्नल, सबमिशन, ओरल, प्रोजेक्ट यांतलं काहीच रात्री एकट्याने पुस्तक वाचून भरून काढता येत नाही. इतिहासाचं चुकलेलं व्याख्यान मित्राच्या वहीतून मिळवता येतं. चुकलेली प्रॅक्टिकलची बॅच पुन्हा लागत नाही, आणि टर्मवर्कचे गुण व ७५ टक्के हजेरी तिच्यावर अवलंबून असते. शिवाय ही ज्ञानशाखा पायऱ्यांची आहे. पहिल्या सत्रातलं कलनशास्त्र कच्चं राहिलं की तिसऱ्या सत्रात सिग्नल्स समजत नाहीत, आणि ते समजले नाहीत की पाचव्यात कंट्रोल सिस्टिम. अर्धवेळ नोकरीने कला शाखेच्या विद्यार्थ्याचाही वेळ जातो, पण इथे गेलेला वेळ पुढच्या प्रत्येक सत्रात पुन्हा वसूल होत राहतो. ज्याला आपण कुवतीचा अभाव म्हणतो तो पुष्कळदा पहिल्या वर्षातल्या झोपेचा अभाव असतो.

हे केवळ अनुमान नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गरीब विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून अनुदान देण्याचा प्रयोग झाला. चिठ्ठ्यांमुळे अनुदान मिळालेले आणि न मिळालेले असे दोन सारखे गट तुलनेला मिळाले. ज्यांना पैसा मिळाला त्यांच्यात नोकरी करणारे कमी झाले, कामाचे तास घटले, रात्रपाळ्याही कमी झाल्या. फ्लोरिडात गरजेवर आधारलेल्या अनुदानाचा अभ्यास कॅसलमन, लाँग आणि मेबल या संशोधकांनी केला. शाळेत गणित-विज्ञानाची पुरेशी तयारी झालेल्या गरीब विद्यार्थ्यांपैकी जे अनुदानाला पात्र ठरले त्यांनी विज्ञान-तंत्रज्ञान विषयांचे वीस ते पस्तीस टक्के जास्त श्रेयांक पूर्ण केले. मुलं तीच, तयारी तीच. फरक पैशाने पडला. आणि मला सगळ्यात बोलकं वाटतं ते न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेजांतलं उदाहरण. तिथल्या बहुतेक गरीब विद्यार्थ्यांची फी संघराज्याच्या अनुदानातून आधीच भागत होती. तरीही पदवी पूर्ण करणारे थोडेच. मग विद्यापीठाने एका कार्यक्रमात उरलीसुरली फी माफ केली, बस-मेट्रोचा मोफत पास दिला, पुस्तकांना पैसे दिले आणि प्रत्येकाला नियमित भेटणारा सल्लागार नेमला. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. फीनंतरच्या मदतीने काय साधतं हे याहून स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. आपली बस आणि त्यांची मेट्रो वेगळी असेल, पण पास नाही म्हणून तास बुडणारा मुलगा दोन्हीकडे आहे.

फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, असाही एक आक्षेप असतो. तो फक्त गरिबांसाठी राखून ठेवलेला दिसतो. कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या घरात राहणाऱ्या मुलाला जेवण, खोली, लॅपटॉप, दुचाकी आणि क्लास हे सगळं आईवडिलांकडून फुकटच मिळतं. त्याला शिक्षणाची किंमत नाही असं कोणी म्हणत नाही. उलट घरच्या पाठबळामुळे तो निर्धास्त शिकू शकला असं आपण कौतुकाने सांगतो. मग हेच निर्धास्तपण शेतमजुराच्या मुलाला सार्वजनिक पैशातून मिळालं तर तो बिघडेल, हे कोणत्या आधारावर?

कर्ज घ्या, हा सल्ला जास्त सभ्य वाटतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्ज आणि व्याजात सवलत आहे. पण ही योजना देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या गावी खासगी महाविद्यालयात शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती लागू होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्जाचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. एक वर्ष वाया गेलं तर सुस्थित घरात ते दुःख असतं. कर्जबाजारी घरात ती आपत्ती असते, कारण व्याज वाढतं आणि पगार एक वर्ष लांबतो. शेतीच्या कर्जाने घरं कशी मोडली हे विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलं आहे. त्यांनी आणखी एका कर्जाला घाबरणं हा भित्रेपणा नाही, त्यांचा तो अनुभवातून आलेला हिशेब आहे.

गुणवत्तेचा मुद्दा मी टाळत नाही. मदत घेणारा विद्यार्थी नापास होत असेल तर मदत चालू ठेवावी का? आज बहुतेक योजनांचं उत्तर सोपं आहे: नूतनीकरणासाठी पुढच्या वर्गात जायला हवं. विषय राहिले, वर्ष मागे पडलं की पैसा थांबतो, म्हणजे ज्या वर्षी त्याला तो सगळ्यात जास्त लागतो त्याच वर्षी. पैसा थांबला की तो पूर्णवेळ कामाला लागतो, आणि मग बॅकलॉग कधीच निघत नाही. मराठी वाचकाला याचं एक उदाहरण ठाऊक असायला हवं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती नुसती फीची सवलत नव्हती, परदेशात जगण्यासाठी दरमहा हातात येणारा पैसा होता, आणि त्यावर कोलंबियाचं शिक्षण झालं. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले, आणि १९२३ साली डी.एस्‌सी. मिळाली. त्या खंडात त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती, मुदत संपली होती. आंबेडकरांसारखी जिद्द प्रत्येकाकडून मागायची आणि तिच्या भरवशावर योजना आखायची, हे कोणत्याही राज्याला शोभणारं नाही. शाहू महाराजांना हे समजलं होतं. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी वसतिगृहांमागून वसतिगृहं उभी केली, कारण शाळेची फी माफ करून खेड्यातला मुलगा शहरात टिकत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. आज त्यांच्या नावाची योजना फीपाशी थांबते. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती हेच काम लोकांच्या देणग्यांवर करत आली आहे, पण एका संस्थेच्या खोल्या राज्याची गरज भागवू शकत नाहीत.

राहिला गैरवापराचा आणि तिजोरीचा प्रश्न. शिष्यवृत्तीत मोठे गैरव्यवहार झाले ते संस्थांच्या पातळीवर, खोटे विद्यार्थी दाखवून. राज्याला त्यासाठी विशेष चौकशी करावी लागली. जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात दरमहा पडले तर अशा लुटीला वाव कमीच राहतो. आणि खर्चाचं म्हणाल तर मुलींच्या फीमाफीसाठी सरकारने वर्षाला सुमारे ९०६ कोटींचा जादा भार उचलला, आणि तो उचलला म्हणून राज्य बुडालं नाही. विज्ञान-अभियांत्रिकीच्या एक लाख सगळ्यात गरजू विद्यार्थ्यांना, मुलगा-मुलगी आणि प्रवर्ग न पाहता, स्वाधारच्या सर्वोच्च दराने निर्वाह द्यायचा ठरवला तर खर्च ६०० कोटी येतो. दर वाढवायला हवा हे मी वर दाखवलंच आहे. तो दीडपट केला तरी आकडा ९०० कोटी होतो, म्हणजे जे राज्य एकदा करून बसलं आहे त्याच मापाचा. पद्धतही नवी शोधायला नको. केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये जागा मिळाल्याचं पत्र निघतं त्याच दिवशी पहिल्या महिन्याची रक्कम खात्यात पडावी, कागदपत्रांची पडताळणी पुढच्या तीन महिन्यांत व्हावी, आणि दाखला खोटा ठरला तर पैसे वसूल करावेत. चार वर्षांच्या पदवीला पाच वर्षांची मदत गृहीत धरावी, म्हणजे एक वर्ष मागे पडलेला मुलगा कामावर न जाता राहिलेले विषय काढू शकेल. आणि महाविद्यालयाने फीच्या परताव्यासाठी सरकारकडे भांडावं. त्यासाठी विद्यार्थ्याचं हॉलतिकीट किंवा मूळ कागदपत्रं अडवण्याचा त्याला कोणताही अधिकार असू नये.